औषधाने जाते आणि पुन्हा येते: रेडिएशनच्या काळातील तोंडातली बुरशी

डोके आणि मान या भागांतील कर्करोगासाठी रेडिएशन घेणाऱ्या रुग्णाच्या तोंडात पांढरा थर येतो, डॉक्टर औषध देतात, चार-सहा दिवसांत थर निघतो आणि औषध थांबल्यावर पंधरवडा उलटण्याच्या आत तो पुन्हा दिसू लागतो. इंदूरमध्ये दातांच्या तपासणीसाठी माझ्याकडे येणाऱ्या अशा रुग्णांच्या घरची मंडळी हीच तक्रार सर्वांत जास्त वेळा सांगतात, आणि पाठोपाठ येणारी मागणीही ठरलेली असते: आता जास्त पॉवरचे औषध लिहून द्या. माझे मत असे आहे की बहुतेक वेळा औषधाची ताकद पुरेशी असते. ते जिथे पोहोचायला हवे तिथे पोहोचलेले नसते, किंवा ज्यासाठी दिले तो विकारच तिथे नसतो, किंवा बुरशीचा साठा कवळीसारख्या एखाद्या वस्तूवर शिल्लक राहिलेला असतो. म्हणून औषध बदलण्याआधी पुढील गोष्टी तपासाव्यात, आणि शक्यतो याच क्रमाने तपासाव्यात.

पांढरे दिसते ते बुरशीच आहे का

रेडिएशन साधारणपणे आठवड्यातून ५ दिवस, दररोज २ ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) या हिशेबाने ६ ते ७ आठवडे चालते आणि एकूण मात्रा ६० ते ७० ग्रेच्या घरात जाते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंडाचे आतले अस्तर लाल होऊन सोलवटू लागते आणि त्या सोलवटलेल्या जागेवर पिवळट-पांढरा पापुद्रा धरतो. हा म्युकोसायटिस होय. तो किरणांचा परिणाम असल्यामुळे कोणत्याही बुरशीनाशकाने जात नाही. रेडिएशन संपल्यावर साधारण २ ते ४ आठवड्यांत, कधी त्याहूनही उशिरा, तो आपोआप भरून येतो. घरात मात्र दोन्हींना ‘तोंड आले’ एवढेच म्हटले जाते, मग जुन्या चिठ्ठीवरचे बुरशीचे औषध मेडिकलमधून परत आणले जाते, आठवडाभर लावले जाते आणि ते लागू पडत नाही असा निष्कर्ष निघतो.

दोन्हींतला फरक बराचसा डोळ्यांनी कळतो. बुरशीचा थर फुटलेल्या दह्यासारखा, ठिपक्याठिपक्यांचा असतो. ओल्या गॉझने हलके पुसल्यास तो निघतो आणि खाली लाल, क्वचित किंचित रक्ताळलेली जागा दिसते. तो टाळूवर, जिभेच्या मागच्या भागावर, कवळीखाली, म्हणजे किरण न पडलेल्या जागीही असू शकतो. म्युकोसायटिसचा पापुद्रा किरणांच्या क्षेत्रापुरता, मुख्यतः गालाच्या आतील बाजूस, जिभेच्या कडांवर आणि मऊ टाळूवर असतो, सहजी पुसला जात नाही आणि फार दुखतो. पुसून पाहण्याचे हे काम डॉक्टरांनी किंवा परिचारिकेने करावे. घरी ब्रशने खरवडून पाहणाऱ्यांच्या तोंडात नव्या जखमा झालेल्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

बुरशीचे एक रूप तर पांढरे नसतेच. जीभ गुळगुळीत लाल होते, साधे वरण-भातही झोंबते, ओठांचे कोपरे चिरतात, आणि थर दिसत नाही म्हणून कोणी बुरशीचा विचारच करत नाही. उलट, शस्त्रक्रियेत छातीवरची किंवा हातावरची त्वचा घेऊन गालाची जागा भरलेली असेल, तर ती त्वचा तोंडातील ओलाव्याने पांढुरकी पडते आणि तिच्यावर केस असतील तर त्यांत अन्नकण व चिकट लाळ अडकून जाड पांढरा लेप तयार होतो. हा लेप बुरशीच्या औषधाने जाणार नाही. तो मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्याने धुवावा लागतो.

स्वॅबच्या, म्हणजे कापसाच्या बोळ्याने तोंडातून घेतलेल्या नमुन्याच्या, अहवालाबद्दलही एक खुलासा करणे आवश्यक आहे. निरोगी माणसांपैकी साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यांपर्यंत लोकांच्या तोंडात कँडिडा ही बुरशी काहीही त्रास न देता राहत असते, त्यामुळे कल्चरमध्ये, म्हणजे नमुना प्रयोगशाळेत वाढवून पाहताना, ती वाढली एवढ्यावरून आजार सिद्ध होत नाही. लक्षणे, तोंडाची स्थिती आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे बुरशीचे तंतू यांची सांगड घालावी लागते.

बुरशीला मोकळे रान कशामुळे मिळते

प्रौढ माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती तोंड ओले ठेवते, अन्नकण धुऊन नेते, तिच्यातील बायकार्बोनेट आम्लाचा जोर मोडते, आणि लायसोझाइम, लॅक्टोफेरिन, हिस्टॅटिन व आयजीए ही प्रथिने जंतूंना काबूत ठेवतात. यांपैकी हिस्टॅटिन तर थेट कँडिडावर चालते. कानांखालच्या आणि जबड्याखालच्या लाळग्रंथी किरणांच्या वाटेत आल्या की पहिल्या आठवड्यातच लाळ निम्म्याच्या आसपास घटू शकते, उरलेली घट्ट व तारयुक्त होते आणि तोंडातील आम्लता वाढते.

अशा तोंडात जंतूंची वस्तीच बदलून जाते. १९७५ च्या सुमारास झालेल्या अभ्यासांपासून हे चित्र वारंवार दिसले आहे की रेडिएशननंतर स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स, लॅक्टोबॅसिलस आणि कँडिडा हे आम्लात तग धरणारे जीव वाढतात, तर स्ट्रेप्टोकोकस सँग्विनिस, नायसेरिया आणि फ्युझोबॅक्टेरियम कमी होतात. कर्करोगाच्या उपचारांतील तोंडाच्या बुरशीचा एक मोठा आढावा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उपचारांपूर्वी ७.५ टक्के, उपचार चालू असताना ३९.१ टक्के आणि उपचारांनंतर ३२.६ टक्के रुग्णांत ती आढळल्याचे नोंदले आहे. उपचार संपल्यावरही आकडा फारसा उतरत नाही, याचे मुख्य कारण लाळ परत आलेली नसते.

म्हणून औषधाने बुरशी कमी झाली तरी तिला वाढू देणारी परिस्थिती तशीच राहते, आणि आठवडाभराच्या औषधानंतर सर्व काही पूर्ववत होईल ही अपेक्षा मुळात बरोबर नाही. पूर्वीच्या पद्धतीच्या तुलनेत आयएमआरटी, म्हणजे किरणांची तीव्रता जागेनुसार कमी-जास्त करणाऱ्या पद्धतीने लाळग्रंथी वाचवता येतात. ब्रिटनमधील पारस्पोर्ट चाचणीत (२०११) वर्षभरानंतर लक्षणीय कोरडेपणा राहिलेल्यांचे प्रमाण जुन्या पद्धतीत ७४ टक्के होते, तर आयएमआरटीत ३८ टक्के. उपचार अजून सुरू व्हायचे असतील, तर आपल्याला कोणती पद्धत दिली जाणार आहे हे अवश्य विचारावे.

औषध जागेवर पोहोचले का

तक्रारीचे मूळ मला बहुतेक वेळा येथेच सापडते, त्यामुळे हा भाग सविस्तर लिहितो.

क्लोट्रिमाझोलचे माउथ पेंट आणि नायस्टॅटिनचे द्रव औषध जिथे लागते तेवढ्याच जागी काम करतात. रुग्ण अनेकदा चार थेंब जिभेच्या टोकावर टाकून लगेच पाणी पितो. टाळू, गालाचा मागचा भाग आणि हिरडीची बाजू कोरडीच राहते. आधी पाण्याने चूळ भरून चिकट लाळ व अन्नकण काढावेत, मग औषध सगळीकडे फिरवून दोन-तीन मिनिटे तोंडात धरावे आणि त्यानंतर निदान अर्धा तास खाणे-पिणे टाळावे. चघळण्याची गोळी दिलेली असेल तर ती कोरड्या तोंडात विरघळतच नाही. आधी दोन घोट पाणी घेतले तरच तिचा उपयोग होतो.

दुसरी अडचण क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या गुळणीची आहे. दंतवैद्य हिरड्यांसाठी ती देतात, कर्करोगतज्ज्ञ नायस्टॅटिन देतात आणि रुग्ण दोन्ही एकापाठोपाठ घेतो. ही दोन औषधे एकत्र आली की एकमेकांना निकामी करतात, म्हणून त्यांच्यामध्ये किमान अर्ध्या तासाचे अंतर हवे. म्युकोसायटिस टाळण्यासाठी क्लोरहेक्सिडिन वापरू नये अशीच आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आहे, त्यामुळे ती खरोखर कशासाठी दिली आहे हे विचारून घ्यावे. अल्कोहोल असलेल्या बाजारातील सर्व गुळण्या या काळात बंद ठेवाव्यात.

तिसरी बाब मुदतीची. फ्लुकोनाझोल या पोटात घ्यायच्या बुरशीनाशकाची १५० मिलिग्रॅमची एक गोळी मेडिकलमध्ये सहज मिळते आणि ‘एकच घ्यायची असते’ हा समज इतर आजारांवरून आलेला आहे. तोंडातील मध्यम ते तीव्र बुरशीसाठी रोज १०० ते २०० मिलिग्रॅम असे ७ ते १४ दिवस द्यावे लागते. तिसऱ्या दिवशी थर निघाला म्हणून औषध सोडले, तर ती बुरशी परत आली असे म्हणता येणार नाही, कारण ती पूर्ण गेलेलीच नव्हती.

मात्र हे औषध स्वतःच्या मनाने सुरू करणे धोक्याचे आहे. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर त्याच्यामुळे एकदम खाली जाऊ शकते, आणि तोंड दुखत असल्यामुळे जेवण आधीच निम्म्यावर आलेले असते. वॉर्फरिन (रक्त पातळ ठेवणारे) व फेनिटॉइन (फिट्सवरचे) यांचा परिणाम वाढतो. उलटीसाठीचे ऑन्डान्सेट्रॉन किंवा डोमपेरिडोन सोबत चालू असेल तर हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम होण्याची शक्यता असते. फ्लुकोनाझोल मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते आणि सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध त्याच मूत्रपिंडांना इजा करू शकते, म्हणून रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी तपासणी) वाढलेले असल्यास मात्रा कमी करावी लागते. रुग्णाच्या सर्व औषधांची एक यादी, घरच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांसकट, फाईलमध्ये सर्वांत वर लावून ठेवावी.

साठा कुठे राहिला आहे

कवळी हे पहिले संशयाचे ठिकाण. ॲक्रिलिकच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म छिद्रे असतात आणि कँडिडा त्यांत चिकट थर करून राहते; तोंड साफ झाले तरी कवळी घातली की बुरशी पुन्हा टाळूवर पोहोचते. अस्तर सोलवटलेले असेपर्यंत कवळी घालूच नये. नंतरही रात्री ती काढून, ब्रशने घासून, डॉक्टरांनी सांगितलेल्या जंतुनाशक द्रावणात भिजवावी आणि सकाळी वाहत्या पाण्याने धुऊनच घालावी. उकळते पाणी वापरू नये, आकार बिघडतो. कवळीला आतून मऊ अस्तर लावलेले असेल आणि ते जुने, भेगाळलेले झाले असेल, तर ते बदलण्याला पर्याय नाही.

वरचा जबडा काढलेल्या रुग्णांच्या टाळूचे भोक झाकणारी तबकडी, म्हणजे ऑब्ट्युरेटर, ही याहून अवघड बाब आहे, कारण ती काढून ठेवली तर घोट नाकातून बाहेर येतो. तिची सफाई प्रत्येक जेवणानंतर करावी आणि ती काढलेली असताना आतली पोकळीही खारट पाण्याने धुवावी.

ब्रश औषधाचा कोर्स सुरू करताना एकदा आणि संपताना एकदा बदलावा. पाण्याची बाटली हा दुर्लक्षित राहणारा साठा आहे. देवास-धारहून रोज ये-जा करणारे रुग्ण एकच बाटली दिवसभर तोंडाला लावतात आणि घरी गेल्यावर ती फक्त विसळतात. अन्नासाठी नाकातून नळी असलेल्यांचे तोंड ‘वापरात नाही’ म्हणून कोणी साफ करत नाही, आणि तिथे थर सर्वांत वेगाने जमतो.

आमच्या भागात यात तोंड कमी उघडण्याची भर पडते. मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०१२ पासून गुटख्यावर बंदी आणली, अन्नसुरक्षा नियमांखाली देशात सर्वांत आधी. तरी सुपारी, पानमसाला आणि तंबाखू यांची सवय गेलेली नाही आणि या सवयीतून येणारी मुखतंतुता, म्हणजे तोंडाचे अस्तर कडक होऊन तोंड कमी उघडणे, अनेकांना कर्करोगाच्या आधीपासून असते. त्यावर शस्त्रक्रिया आणि किरण झाले की जेमतेम दोन बोटे आत जातील एवढेच तोंड उघडते. मोठा ब्रश मागच्या दाढांपर्यंत जात नाही आणि औषधही जात नाही. लहान मुलांचा मऊ ब्रश, बोटाला गुंडाळलेले ओले गॉझ आणि सुई काढलेल्या मोठ्या सिरिंजने मारलेली खारट पाण्याची धार या तीन साधनांनी बरेच काम होते. तोंड उघडण्याचे व्यायाम रेडिएशन चालू असतानाच सुरू ठेवावेत.

रोजची गुळणी आणि रोजचा गोडवा

एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा घालून दर दोन-तीन तासांनी हळुवार चूळ भरावी. हे पाणी रोज नवीन करावे. यात फ्रूट सॉल्ट किंवा धुण्याचा सोडा चालत नाही. ही गुळणी बुरशी मारत नाही, पण आम्लता उतरवते आणि चिकट लाळ सैल करते, त्यामुळे औषधाआधी ती केल्यास औषधाचा लाभ वाढतो.

आहाराच्या बाबतीत घरच्यांची अडचण मला समजते. वजन टिकवायचे आहे, तिखट शेव तर लांबच, साधी पोळीही गिळवत नाही, म्हणून साबुदाण्याची खीर, शिकंजी, ग्लुकोजचे पाणी आणि पावडरचे गोड दूध दिवसभर चालू राहते. उष्मांक अवश्य द्यावेत, परंतु ते ठरावीक वेळी देऊन लगेच चूळ भरायला लावावी. घोट-घोट गोड पाणी तासन्‌तास तोंडात राहिले तर कँडिडा आणि दात किडवणारे जंतू दोघांचेही फावते. तोंड ओले ठेवण्यासाठी लिंबाच्या गोळ्या किंवा चिंच चघळणे तर पूर्ण बंद करावे. मधाची शिफारस म्युकोसायटिससाठी काही मार्गदर्शक सूचनांतही आहे, मात्र मधुमेह असल्यास विचारूनच घ्यावा आणि नंतर पाण्याने तोंड धुवावे. नायस्टॅटिनच्या द्रवातही बऱ्याचदा साखर असते, हे दात असलेल्या रुग्णांनी ध्यानात ठेवावे.

मालव्याच्या उन्हाळ्यात, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत, रात्री तोंड उघडे ठेवून झोपणाऱ्यांचे तोंड सकाळी लाकडासारखे होते. एसीपेक्षा पाण्याचा कूलर बरा, कारण त्याने हवेत ओलावा राहतो. त्याची टाकी मात्र स्वच्छ हवी. ओठांना तूप लावावे, पण रेडिएशनला जाण्याच्या अगदी आधी त्वचेवर कोणताही जाड थर ठेवू नये.

एवढे करूनही थर परत आला तर

मग डॉक्टरांनी पुढचे शोधावे लागते. केमोथेरपीसोबत मिळणारे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, दम्याचा स्टेरॉइड पंप, नुकतेच झालेले अँटिबायोटिक, आटोक्यात नसलेली साखर, लोह किंवा बी-१२ ची कमतरता यांपैकी काही आहे का हे पाहावे. पंप बंद करू नये. तो घेतल्यावर चूळ भरावी. पूर्ण मुदतीचे औषध योग्य रीतीने घेऊनही बुरशी टिकली असेल, तर आता कल्चर पाठवणे अर्थपूर्ण ठरते आणि त्यात प्रजाती कोणती हे लिहून मागावे. कँडिडा क्रुसाय फ्लुकोनाझोलला जन्मतःच दाद देत नाही आणि कँडिडा ग्लॅब्राटावर त्याचा परिणाम पुष्कळदा अपुरा पडतो. अशा वेळी इट्राकोनाझोलचे द्रव किंवा पोसाकोनाझोल यांचा विचार होतो. जास्त पॉवरच्या औषधाची मागणी येथे आल्यावर योग्य असते. वारंवार त्रास होणाऱ्या मोजक्या रुग्णांना आठवड्यातून तीन वेळा १०० मिलिग्रॅम फ्लुकोनाझोल चालू ठेवले जाते, पण सरसकट तसे केल्यास याच दाद न देणाऱ्या प्रजाती पुढे येतात.

काही लक्षणांत वाट पाहू नये. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असणे, गिळताना छातीच्या हाडामागे दुखणे, दिवसभरात पाणीही न जाणे, तोंडातून रक्त येणे यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. छातीमागचे दुखणे म्हणजे बुरशी अन्ननलिकेत उतरल्याची शक्यता असते आणि तिथे पेंट पोहोचत नाही. दुसरीकडे, केवळ तोंडातल्या थरामुळे रेडिएशनला जाणे स्वतःहून थांबवू नये. उपचारांचा एकूण कालावधी जसजसा लांबतो तसतसे गाठीवरचे नियंत्रण घटत जाते, प्रत्येक जादा दिवसामागे सुमारे १ टक्का असे सामान्यतः धरले जाते.

दात शिल्लक असलेल्या रुग्णांनी आणखी एक काम करायचे आहे. बुरशीला पोसणारी हीच आम्लता हिरडीलगतच्या भागात आणि दातांच्या टोकांवर वेगाने कीड पाडते, म्हणून दातांवर बसणारे साचे करून घेऊन त्यांतून १.१ टक्के न्यूट्रल सोडियम फ्लोराइडचे जेल रोज ५ मिनिटे लावावे, आणि हे रेडिएशन संपल्यानंतरही चालू ठेवावे. वाचवण्याजोगे नसलेले दात उपचार सुरू होण्यापूर्वी निदान १० ते १४ दिवस आधी काढून घ्यावेत. पुढे कधीही, अगदी काही वर्षांनीही, खालच्या जबड्यातला दात काढण्याची वेळ आली तर खुर्चीवर बसण्याआधी दंतवैद्याला रेडिएशनचा कागद दाखवावा. त्यात कोणत्या भागाला किती ग्रे दिले हे लिहिलेले असते, आणि ६० ग्रेच्या वर मात्रा मिळालेल्या हाडाची जखम भरेलच अशी खात्री नसते.